इकडून गेलेले गाणे तिकडे का तुटते?

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरला बिर्लानगरमध्ये राहतो. वडील जियाजीराव कॉटन मिलमध्ये होते, तेव्हापासून मुक्काम इथेच. घरात टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड आहे, त्यालाही बरीच वर्षे झाली. आमची सौ. आठवड्यातून तीन संध्याकाळी पुण्याच्या नातीला व्हिडिओ कॉलवर गाणे शिकवते. नात आम्हाला स्वच्छ दिसते, स्वच्छ ऐकू येते. पण आमचे चित्र तिकडे गोठते आणि तान मध्येच तुटते. पावसाळ्यात तर विचारूच नका. जावईबापू म्हणतात, ‘ती तांब्याची तार काढून टाका, केबलवाल्याचे नेट घ्या, दसपट वेग मिळेल.’ समोरचे शेजारी म्हणतात, ‘केबल मुळीच घेऊ नका, ती साऱ्या गल्लीत वाटली जाते, संध्याकाळी तिची बैलगाडी होते.’ दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत. त्यात आता टेलिफोनवाले आणि केबलवाले दोघेही ‘फायबर घ्या’ म्हणू लागलेत. आम्ही कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, बिर्लानगर, ग्वाल्हेर

उत्तर : जावईबापू निम्मे बरोबर आहेत आणि शेजारीही निम्मे बरोबर आहेत, म्हणून तर हा वाद मिटत नाही. त्यातून तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच दाव्याला बांधल्या आहेत. येणारे नीट पण जाणारे तुटके, ही पहिली. पावसात बिघाड, ही दुसरी. संध्याकाळी मंदावणे, ही तिसरी. आणि ती अजून तुमची नाही, शेजाऱ्यांकडून उसनी घेतलेली आहे. तिन्हींची कारणे निराळी आहेत, तेव्हा एकेक सोडवत जाऊ.

सुरुवात तुमच्या घरी आहे त्या तारेपासून करू. टेलिफोनची तार म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा. ती टाकली गेली माणसाच्या बोलण्यासाठी. बोलणे समजण्याइतका आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याशा पट्ट्यात मावतो आणि टेलिफोनने शंभर वर्षे तेवढीच जागा वापरली. तारेची कुवत मात्र त्याहून पुष्कळ जास्त होती. वरची ही रिकामी जागा वापरून त्याच तारेवरून डेटा धाडायची युक्ती म्हणजे डीएसएल. त्यातला आपल्या घरोघरी आलेला प्रकार एडीएसएल. तो बोलण्याच्या पट्ट्याच्या बराच वर, साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरतो. त्याची पुढची आवृत्ती २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते.

या जागेचा वापर कसा होतो, हे मिलच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगणे सोपे आहे. मागावर आधी उभे धागे ताणून घेतात, तो ताणा. एडीएसएल आपल्या जागेचे असे २५६ उभे धागे पाडते आणि प्रत्येक धाग्यावर थोडा थोडा माल चढवते. मोडेम चालू केल्यावर त्याचा एक दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो ना? त्या वेळात तो एक्स्चेंजमधल्या आपल्या जोडीदाराशी बोलून एकेक धागा तपासत असतो. मजबूत धाग्यावर जास्त माल, कच्च्यावर कमी, तुटक्यावर काहीच नाही. सगळी तपासणी झाली की दिवा स्थिर होतो. म्हणून उठसूट मोडेम बंद-चालू करणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो बिचारा पुन्हा पहिल्या धाग्यापासून मोजायला बसतो.

आता पहिली तक्रार. एडीएसएलमधल्या ‘ए’ या अक्षराचा अर्थच मुळी विषम, दोन्ही बाजूंना सारखे नसलेले. वरच्या धाग्यांतले बहुतेक सगळे तुमच्याकडे येणाऱ्या मालासाठी राखलेले असतात. जाणाऱ्या मालाला खालच्या बाजूचा एक चिंचोळा पट्टा मिळतो, साधारण १३८ किलोहर्ट्झपर्यंतचा. त्यामुळे येण्याचा वेग उत्तम तारेवर सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, पण जाण्याचा वेग एक मेगाबिटच्या आसपास अडकतो. हा कोणाचा नतद्रष्टपणा नव्हे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर या प्रयोगशाळेत जोसेफ लेखलायडर यांनी ही विषम वाटणी सुचवली, तेव्हा टेलिफोन कंपन्यांच्या डोळ्यांसमोर घरोघरी मागणीनुसार सिनेमा पोहोचवण्याचा धंदा होता. सिनेमा घराकडे येतो. घरातून परत जायचे असते ते फक्त ‘अमुक सिनेमा लावा’ एवढे. त्या वेळी ग्वाल्हेरहून पुण्याला कोणी मुलतानी राग शिकवील, हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

वाटणीमागे एक भौतिक कारणही आहे. शेकडो घरांच्या तारा एकाच जाड केबलमध्ये एकमेकींना चिकटून एक्स्चेंजपर्यंत जातात आणि एकीतले दुसरीत थोडे झिरपते. जुन्या टेलिफोनवर मागून कोणाचे तरी बोलणे ऐकू यायचे, ते आठवून पाहा. दुरून आलेले तुमच्या घरचे सिग्नल एक्स्चेंजपाशी पोहोचेपर्यंत थकलेले असतात. तिथे मात्र बाहेर निघणारे ताजे, दणदणीत सिग्नल शेजारच्या तारांतून वाहत असतात. एकाच पट्ट्यात दोन्ही सोडले तर दणदणीतापुढे थकलेल्याचा आवाज बुडून जाईल. म्हणून जाणाऱ्यांना वेगळी, खालची, कमी थकवणारी जागा दिली. ती लहान असली तरी टिकाऊ आहे.

तुमच्या घरी काय होते ते आता लक्षात येईल. बऱ्यापैकी स्वच्छ व्हिडिओ कॉलला जाताना दीड ते तीन मेगाबिट लागतात. तुमच्याकडे जास्तीत जास्त एक आहे. मग कॉलचे ॲप चित्र धूसर करून भागवून नेते, तेही जमेना की चित्र गोठवते आणि शेवटी आवाजावर कात्री चालवते. त्यात एक छुपा वाटेकरी असतो, बहुधा तुमच्याच खिशात. घरी आल्याबरोबर मोबाइल वायफायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो आपोआप साठवणीला वर पाठवू लागतो. त्या चिंचोळ्या वाटेने फोटोही जाणार आणि वहिनींची तानही जाणार. आजच्या आज करून पाहा : शिकवणीच्या तासभर घरातल्या सगळ्या मोबाइलचे वायफाय बंद ठेवा. माझ्या अंदाजाने तुमची निम्मी तक्रार एक पैसाही न खर्चता कमी होईल.

येण्याच्या वेगाचेही एक गणित आहे आणि ते अंतराचे आहे. उंच कंपनांचे सिग्नल तांब्यात लवकर विझतात. एक्स्चेंजपासून किलोमीटरभराच्या आत घर असेल तर वीस मेगाबिटच्या वर मिळू शकतात. तीन किलोमीटरवर तेच आठ-दहावर येतात. पाच किलोमीटरवर एक-दोन मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे आधी वरचे धागे निकामी होतात, मग त्याखालचे. हे अंतर तारेचे मोजायचे, पक्ष्याच्या उड्डाणाचे नाही. किल्ल्याच्या तटावर उभे राहून बोट दाखवले तर सारे शहर पायथ्याशी असल्यासारखे वाटते. तार मात्र रस्त्याच्या कडेकडेने, खांबाखांबावरून, वळसे घेत येते. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन घरांनी एकाच योजनेचे पैसे भरूनही वेगळा वेग मिळणे अगदी शक्य आहे. केबलच्या बाबतीत हे अंतराचे दुखणे जवळजवळ नसते, कारण वाटेत सिग्नलला पुन्हा जोर देणारे ॲम्प्लिफायर बसवलेले असतात. जावईबापूंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे.

पावसाचे कारण साधे आहे. तारेला जागोजाग जोड असतात. जोडाचे आवरण सैल झाले की आत ओल शिरते, तांब्यावर हिरवट गंज चढतो, तारेतून तारेत गळती होते. बोलण्याला तेवढ्याने फारसे बिघडत नाही, थोडी खरखर येते. मोडेमचे धागे मात्र पटापट निकामी होतात आणि तो पुनःपुन्हा मोजणीला बसतो. म्हणून पावसात तुमच्या मोडेमचा दिवा लुकलुकतो. एक सोपी परीक्षा सांगतो. नुसता टेलिफोन उचलून कानाला लावा. डायल टोनच्या मागे खरखर असेल तर दोष तारेत आहे, आणि तक्रार ‘नेट चालत नाही’ अशी न करता ‘फोनमध्ये खरखर आहे’ अशी करा. लाइनमन ती चटकन समजतो. तुमच्या भागात ‘लाइन’ म्हटल्यावर लोकांना मिल कामगारांच्या घरांच्या लाइनी आधी आठवत असतील, पण लाइनमन त्यातला नव्हे.

जाता जाता एक गैरसमज पुसून टाकू. फोनवर बोलले की नेट मंदावते, असे अजूनही अनेक घरांत मानतात आणि नात कॉलवर असली की आजोबा फोनला हात लावत नाहीत. हा जुन्या डायल-अपचा वारसा. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट खुले केले. त्या काळी मोडेम बोलण्याच्याच पट्ट्यात किंचाळत असे, म्हणून फोन अडकून पडायचा. डीएसएलची जागा वेगळी आहे, बोलणे खुशाल चालू द्या. अट एकच : घरातल्या प्रत्येक टेलिफोनच्या आधी ती छोटी पांढरी डबी, म्हणजे स्प्लिटर किंवा फिल्टर, बसवलेली हवी. माझ्याच घरी माजघरातला जोडफोन या डबीशिवाय राहिला होता. दोन महिने मी मोडेमला शिव्या घालत होतो. घंटा वाजली की नेट जायचे, आणि घंटा वाजवणारे बहुतेक वेळा आमचेच नातेवाईक असायचे.

आता केबल. इथे नीट लक्ष द्या, कारण ‘केबलचे नेट’ या एका नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि तुमच्या वादातला मोठा भाग या गोंधळातून आला आहे.

पहिली वस्तू खरीखुरी केबल. १९९१च्या आखाती युद्धाच्या बातम्यांपासून आपल्या गच्च्यांवरून जी जाड गोल तार फिरू लागली, तीच ही. मधोमध एक तांब्याची सळई, भोवती फेसाळ प्लास्टिक, त्यावर धातूचा पत्रा आणि जाळी. जाळीमुळे बाहेरचे फारसे आत येत नाही आणि आतले बाहेर जात नाही, म्हणून हिची कुवत प्रचंड : ८०० मेगाहर्ट्झच्याही वर. टीव्हीच्या एका जुन्या वाहिनीलाच सात-आठ मेगाहर्ट्झ जागा लागे. म्हणजे टेलिफोनच्या तारेवर नव्या एडीएसएलला जेवढी एकूण जागा मिळते, त्याच्या तिपटीहून जास्त. असल्या एका वाहिनीच्या जागेत इंटरनेट भरले तर सेकंदाला साधारण ५० मेगाबिट मावतात, आणि २००६ नंतरच्या पद्धतीत अशा अनेक वाहिन्या एकत्र बांधता येतात. २०११ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा एका जुन्या वाहिनीच्या जागेत दहाच्या वर डिजिटल वाहिन्या बसू लागल्या आणि बरीच जागा मोकळी झाली. घरात मालिका चालू असली की नेट मंदावते का, अशी शंका कोणाला असेल तर उत्तर नाही असे आहे. मालिका आणि नेट एकाच तारेत असले तरी वेगवेगळ्या वाहिन्यांच्या जागेत असतात. मालिका मोबाइलवर पाहिली तर मात्र ती नेटमधूनच येते, तो हिशेब निराळा.

शेजाऱ्यांची तक्रार याच तारेला लागू पडते. टेलिफोनची जोडी तुमच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत एकट्या तुमची असते. केबल मात्र झाडासारखी असते : खोड एक, फांद्या अनेक, आणि तुमचे घर एक पान. खोडातले पन्नास मेगाबिट सगळ्या पानांचे. दुपारी तीन वाजता तुम्ही एकटे जागे असाल तर सगळे तुमचे. संध्याकाळी आठ वाजता गल्लीतल्या पंचवीस घरांनी एकदम सिनेमा लावला तर प्रत्येकी दोन. केबलवाल्याने किती घरांमागे एक खोड ठेवले आहे, यावर सगळे अवलंबून. बैलगाडी होते ती केबलमुळे नाही, तिच्यावर चढवलेल्या उतारूंमुळे.

पण डीएसएलवाल्यांनी फार छाती फुगवू नये. त्यांची तार स्वतंत्र असली तरी ती एक्स्चेंजपर्यंतच. तिथून पुढे सगळ्यांचा माल एकाच रस्त्याला लागतो, आणि तो रस्ता अरुंद असेल तर तुमची स्वतंत्र तार काय कामाची? वाटून घेणे दोन्हीकडे आहे. केबलमध्ये ते दारापासून सुरू होते, डीएसएलमध्ये एक्स्चेंजपासून.

केबलचे आणखी एक दुखणे क्वचितच कोणी सांगते, आणि तुमच्या गाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. वर जाणारा माल या तारेवरही खालच्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच जातो, आणि तिथे गल्लीतल्या सगळ्या घरांचा कचरा एकत्र गोळा होतो. कोणीतरी दुसऱ्या खोलीत टीव्ही न्यायला चार आण्यांचा स्प्लिटर लावून तारेचे उघडे टोक तसेच लोंबकळत ठेवलेले असते. त्या टोकातून मिक्सरची, वेल्डिंगची, मोटारीची खरखर आत शिरते आणि खोडाकडे निघते. येणाऱ्या चित्राला काही होत नाही. जाणारा आवाज मात्र सगळ्या गल्लीचा बिघडतो. म्हणजे डीएसएलवरून खऱ्या केबलवर गेलात तर येण्याचा वेग नक्की वाढेल. जाण्याचा किती सुधारेल, हे तुमच्या शेजाऱ्यांच्या स्प्लिटरवर ठरेल.

दुसरी वस्तू आपल्या गावांत अधिक दिसते. केबलवाल्याने टीव्हीची तार तशीच ठेवली आणि नेटसाठी शेजारून एक वेगळी, बारीक, आठ रंगीत तारांची दोरी ओढली. ही ऑफिसात संगणक जोडायला वापरतात ती लॅनची वायर. खांबावरच्या किंवा कोणाच्या तरी जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीत एक छोटे यंत्र असते आणि त्यातून घरोघरी वायरी गेलेल्या असतात. ही चांगली चालते, आणि येण्या-जाण्याचा वेग दोन्हीकडे सारखा देऊ शकते. पण तिची मर्यादा शंभर मीटर. त्यापुढे दुसरी पेटी, मग तिसरी. प्रत्येक पेटीला वीज लागते आणि ती कोणाच्या तरी घरातून घेतलेली असते. त्या घरची वीज गेली, किंवा त्या गृहस्थांनी गावाला जाताना मेन स्विच बंद केला, की तुमचे नेट गेले. तुमच्या घरात दिवे लख्ख असतात आणि नेट नसते, याचे कोडे पुष्कळदा एवढेच असते.

तिसरी वस्तू फायबर, आणि तीच आता दोघेही तुम्हाला विकू पाहत आहेत. केसासारखी काचेची तार, तिच्यातून प्रकाश जातो. एक्स्चेंजकडून किंवा केबलवाल्याच्या ऑफिसातून एक तार निघते आणि वाटेत एका डबीत ती ३२ किंवा ६४ घरांत फुटते. या डबीला वीज लागत नाही, काच फक्त प्रकाश वाटून देते. अंतर वीस किलोमीटरपर्यंत चालते. काचेवर गंज चढत नाही, म्हणून पावसातली खरखर उरत नाही. शेजारी विचारतील, ‘हीसुद्धा वाटलीच जाते ना?’ जाते. पण हिशेब पाहा. रूढ पद्धतीत एका तारेवर येण्याचा एकूण वेग सुमारे २५०० मेगाबिट आणि जाण्याचा १२५०. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एका क्षणी सगळे मागितले तरी वाट्याला येताना ३९ आणि जाताना १९ मेगाबिट राहतात. वहिनींना हवे आहेत तीन.

म्हणून तुमच्या ‘केबल की टेलिफोन’ या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या नावात सापडणार नाही. ते घरात शिरणाऱ्या तारेच्या टोकाशी आहे. केबलवाला आला की त्याला चहा द्या आणि टोक दाखव म्हणा. सुईसारखी एक सळई आणि पेचाची धातूची टोपी असेल तर ती टीव्हीची खरी केबल. पारदर्शक रुंद प्लग आणि आत आठ रंग दिसले तर लॅन. त्याच्याहून लहान प्लग आणि दोन-चारच तारा असल्या तर टेलिफोन. बाहेरून चपटी काळी दोरी, आत पिवळी बारीक वायर आणि तिला हिरवी किंवा निळी चौकोनी टोपी, हे फायबर. हिरव्या टोपीच्या टोकात डोळा लावून प्रकाश दिसतो का, हे पाहायला जाऊ नका. तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश नसतो आणि डोळ्यांसाठी चांगलाही नसतो. फायबरची वायर खिळ्याभोवती करकचून वळवूही नका. तांब्याला चालते, काचेला चालत नाही.

टेलिफोनवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजकडूनच सुमारे ४८ व्होल्ट वीज येते. ऐन मे महिन्यात तुमच्याकडची वीज गेली तरी साधा, तारेचा टेलिफोन चालू राहतो. मोडेम मात्र बंद पडतो, कारण त्याला घरची वीज लागते. फायबर घेतले की ही सोय गेली : तिथे फोनही घरातल्या भिंतीवर बसवलेल्या फायबरच्या डबीतून चालतो, आणि वाटेतल्या डबीला लागत नसली तरी या डबीला घरचीच वीज हवी. म्हणून फायबर घेणार असाल तर त्या डबीसाठी आणि राऊटरसाठी एक छोटा बॅटरीचा यूपीएस सोबत घ्या. ती यंत्रे फार कमी वीज खातात, लहान यूपीएसवरही तास-दोन तास निघून जातात.

योजनांच्या कागदावर काय पाहावे, हेही अनेक वाचक विचारतात. ‘ब्रॉडबँड’ या शब्दावर भाळू नका. २००४च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन नावाने डीएसएल सेवा आणली, तेव्हा तेवढाच वेग घेऊन घरोघरी आनंदीआनंद होता. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत असे. कित्येक मुले त्यासाठी गजर लावून उठत, आणि ही मुले अभ्यासाला उठली आहेत असा आईवडिलांचा समज असे. पुढे ही व्याख्या ५१२ किलोबिटवर गेली आणि २०२३ पासून ती दोन मेगाबिट आहे. या व्याख्येत येण्याचाच वेग सांगितलेला आहे, तेव्हा जाण्याचा वेग तुम्हालाच तोंडाने विचारावा लागेल. विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

दुसरे, मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटींचा फरक आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. जुन्या २५६ किलोबिटवर पाच मेगाबाइटचे एक गाणे उतरायला अडीच मिनिटांहून जास्त लागत, ते याच हिशेबाने. संगणकावर वेग आठपट कमी दिसला म्हणून कंपनीशी भांडायला जाण्याआधी हा भागाकार करून पाहा. आणि वेग मोजायचा तर एकदा मोजून भागत नाही. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ, असा तीन दिवस मोजा, मोडेमला वायरने संगणक जोडून. वायफायवर मोजलेला वेग पुष्कळदा तुमच्या भिंतीची जाडी सांगतो. तुमच्या शहरातल्या लष्कर भागातील जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना हे अधिक लागू, तिथल्या भिंती वायफायच्या काळात बांधलेल्या नाहीत.

बरे, मग कोणाचे ऐकावे? माझा सल्ला असा. तुमच्या दारापर्यंत फायबर येत असेल तर फायबर घ्या, मग ते टेलिफोनवाल्याचे असो वा केबलवाल्याचे. ज्याचा माणूस दुरुस्तीला लवकर येतो त्याचे. हे शेजारीपाजारी विचारूनच कळते, जाहिरातीतून नाही. मध्य प्रदेशात टेलिफोनवाले एकच असतात असेही समजू नका. देशातली पहिली खासगी लँडलाइन १९९८ मध्ये तुमच्याच राज्यात, इंदूरला सुरू झाली होती. फायबर येत नसेल आणि केबलवाला लॅन देत असेल, तर पेटी कोणाच्या विजेवर आहे ते विचारून ती घ्या. तुमच्या कामासाठी ती टेलिफोनच्या तारेपेक्षा सरस ठरेल, कारण जाण्याचा वेग जास्त मिळेल. फक्त टीव्हीची जुनी केबल असेल तर घाई नको. आधी त्याच खोडावरच्या दुसऱ्या घरी रात्री नऊ वाजता जाऊन वेग मोजून या, आणि जाण्याचा वेग तिथेही एकच्या आसपास निघाला तर आहे ती तार ठेवा. नवे जोडल्यावर जुने लगेच काढू नका. महिनाभर दोन्ही चालवा, त्यात शक्यतो एक पाऊस येऊ द्या.

एक खुलासा वहिनींसाठी. तार कितीही चांगली घेतली तरी ग्वाल्हेर आणि पुणे यांच्यामध्ये सुमारे हजार किलोमीटर आहेत. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत पाच मिलिसेकंद. पण वाट वळणाची, मध्ये यंत्रे, शिवाय कॉलचे ॲप आवाज थोडा साठवून मगच पुढे सोडते. सगळे मिळून विलंब इतका होतो की दोघींनी एकत्र गाणे किंवा तिकडच्या तबल्यावर इकडून समेवर येणे जमत नाही. तो दोष नातीच्या लयीचा समजू नये. एकीने म्हणायचे, दुसरीने ऐकून तसेच म्हणायचे, या आपल्या जुन्या तालमीला विलंबाची काही अडचण नाही. तानपुरा मात्र दोघींनी आपापल्या घरी लावावा. व्हिडिओ कॉलची ॲप्स एकसुरी सतत वाजणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून पुसून टाकतात, आणि तानपुऱ्यालाही ती त्याच मापाने मोजतात. ॲपच्या सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते, ती नातीकडून चालू करून घ्या.

तारेचे टोक कोणत्या रंगाचे निघाले आणि जाण्याचा वेग किती भरला, ते दोन ओळींत जरूर कळवा. आणि सल्ला ऐकून तान तुटायची थांबली, तर श्रेय जावईबापूंना द्या. शेजाऱ्यांना वाईट वाटणार नाही, त्यांना अजून केबलवाल्याशी भांडायचे आहे.